घराला गिऱ्हाईक नाही आणि नाणं लिलावात आलंय

प्रश्न : वीसेक वर्षं मी जुनी नाणी जमवतो. आधी पगारातून उरेल तेवढ्यातच घ्यायचो. मग घरांचे भाव चढत गेले तसा हात सैल झाला. राहत्या घरावर दोनदा टॉप-अप कर्ज काढलं आणि त्यातला बराचसा पैसा नाण्यांत घातला. गुंतवणूक म्हणून एक सदनिका घेतली होती, तिच्यावरही कर्ज आहे. ती गेल्या वर्षी विकायला काढली. लोक बघून जातात, 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. एजंट म्हणतो, भाव पडलेले नाहीत, धीर धरा. माझा नाण्यांचा डीलर म्हणतो, घरांतला पैसा आता नाण्यांकडेच वळणार, आत्ताच घेऊन ठेवा. त्यात माझ्या मालिकेतलं (दर सालाचं एक नाणं, असा संच) एकच साल बाकी आहे आणि नेमकं तेच नाणं पुढच्या महिन्यात लिलावात येतंय. बायको म्हणते, नाण्यांवरचा खर्च पूर्ण बंद करा, उलट आहेत ती विका. घरांचा बाजार थंडावला की नाण्यांचे भाव खरंच पडतात का? मी बोली लावू की नको?
— एक संग्राहक

उत्तर :

तुमच्या एजंटचं 'भाव पडलेले नाहीत' हे वाक्य आधी घेतो, कारण नाण्यांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

एजंट खोटं बोलत नाहीये. भाव म्हणजे शेवटच्या झालेल्या व्यवहाराचा आकडा. व्यवहारच झाला नाही तर जुना आकडा तसाच राहतो आणि त्यालाच लोक 'भाव टिकून आहे' म्हणतात. घरांचा बाजार थंडावतो तेव्हा आधी आटतात ते व्यवहार. किमती मागाहून उतरतात, कधी फारच मागाहून, आणि कधी उतरतही नाहीत. अमेरिकेत मागच्या मोठ्या तेजीत घरांची विक्री २००५ साली शिखरावर होती, किमतींचं शिखर २००६ मध्ये आलं आणि किमती तळाला टेकायला २०१२ उजाडलं. तोवर घरांच्या किमतींचा देशभराचा निर्देशांक पाव भागाहून जास्त खाली आला होता. उलट २०२२ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर झपाट्याने चढवले तेव्हा तिथे जुन्या घरांची विक्री वर्षाला ६१ लाखांवरून दोन वर्षांत ४१ लाखांपर्यंत घसरली. १९९५ नंतर इतकी कमी विक्री झाली नव्हती. किमती मात्र पडल्या नाहीत. ज्यांच्याकडे जुन्या स्वस्त व्याजाचं कर्ज होतं ते घर सोडायलाच तयार नव्हते.

भाव न उतरण्याचं दुसरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९०च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या सदनिकांचे व्यवहार तपासले. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार होतं, त्यांनी मागितलेली किंमत इतरांपेक्षा जास्त होती: जेवढा तोटा दिसत होता त्याच्या २५ ते ३५ टक्के एवढी रक्कम ते वर मागत होते. त्यातलं थोडंसं त्यांना मिळालंही, पण त्यांची घरं पडूनही जास्त राहिली. बाजाराला तुमची खरेदीची किंमत ठाऊक नसते आणि तिच्याशी त्याला देणंघेणंही नसतं. तुम्ही पत्रात सदनिका किती मागताय ते लिहिलेलं नाही. पण वर्षभर लोक बघून जातायत आणि कोणी साधी बोलीही लावत नाही, तेव्हा तुमचा आकडा तुमच्या खरेदीच्या आठवणीतून आलेला असावा, असा मला संशय आहे.

आता नाण्यांकडे येऊ. घराला जो आजार आहे तोच नाण्यालाही आहे, आणि थोडा जास्तच. शेअरचा भाव बाजार चालू असताना क्षणाक्षणाला कळतो. नाण्याचा तसा कळत नाही. एकाच सालाची, एकाच टांकसाळीची, एकाच ग्रेडची (म्हणजे झीज आणि अवस्था बघून ठरवलेल्या प्रतीची) दोन नाणी शेजारी ठेवली तरी एकाला गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि दुसरं पडून राहतं, कारण एकाची झळाळी मूळची असते आणि दुसरं कधीतरी कोणीतरी धुतलेलं असतं. भावपुस्तकातला आकडा म्हणजे बहुतेकदा डीलर ज्या भावाला विकू इच्छितो तो. मंदी आली की पुस्तक लगेच बदलत नाही. बदलतो तो डीलर ज्या भावाला तुमच्याकडून परत घेईल तो आकडा, आणि तो कुठेही छापलेला नसतो. लिलावात राखीव किंमत, म्हणजे मालकाने आधीच ठरवलेली किमान किंमत, आली नाही तर नाणं मालकाकडे परत जातं. पडलेल्या भावांच्या यादीत त्याची नोंदच होत नाही, आणि यादी वाचणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

तेव्हा 'नाण्यांचे भाव पडतात का' याचं माझं उत्तर असं: आधी गिऱ्हाईक कमी होतं, मग विक्री आणि खरेदीच्या भावांतलं अंतर रुंदावतं, आणि पुस्तकातला आकडा सगळ्यात शेवटी हलतो. तोवर ज्याला विकायची घाई आहे त्याच्यापुरता भाव केव्हाच पडलेला असतो.

घराची थंडी नाण्यापर्यंत पोचते कशी, याचा सरळसोट नमुना तुम्ही स्वतःच आहात. घराचा भाव वाढला, बँकेने वाढीव कर्ज दिलं, ते नाण्यांत गेलं. अतीफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी २००२ ते २००६ मधल्या अमेरिकेतल्या घरमालकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की घरातला स्वतःचा वाटा (घराची किंमत वजा कर्ज) एका डॉलरने वाढला तर सरासरीने २५ सेंटचं नवं कर्ज काढलं जात होतं. तो पैसा नवी घरं घेण्यात किंवा क्रेडिट कार्डाची देणी फेडण्यात गेलेला दिसला नाही, म्हणजे तो बहुधा खर्चातच गेला. भाव थांबले की ही वाट एकदम बंद होते. लक्षात घ्या, त्यासाठी भाव पडावे लागत नाहीत. दर वर्षी वाढणारी किंमत एका वर्षी नुसती स्थिर राहिली तरी नवं कर्ज काढायला जागा उरत नाही. लिलावातून पहिले गायब होणारे हात हेच.

त्यांच्या पाठोपाठ जातात ते घरांच्या धंद्यावर जगणारे: बांधकाम व्यावसायिक, दलाल, कंत्राटदार, गृहकर्ज मिळवून देणारे. तेजीत यांच्या हातात रोकड खेळते आणि छंदांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्यांत ही मंडळी बरीच असतात. उत्पन्नच निम्म्यावर आलं की नाणी आपोआप यादीच्या तळाला जातात. तिसरा परिणाम मनाचा. घर विकायचं नसलं तरी ते महागलंय या भावनेनेच माणूस खर्च करतो. कार्ल केस, जॉन क्विग्ली आणि रॉबर्ट शिलर यांच्या मते घराच्या किमतीचा खर्चावर होणारा परिणाम शेअरच्या किमतीपेक्षाही मोठा असतो. यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे, पण संग्राहकांपुरतं मला ते पटतं. मोठ्या बोलीच्या वेळी हात वर जातो तो 'आपलं कसं बरं चाललंय' या हिशेबावर, आणि त्या हिशेबात घर हा सगळ्यात मोठा आकडा असतो.

तो आकडा किती फसवा असतो ते तुमच्या सदनिकेवरूनच बघा. समजा तिची किंमत १०० आणि कर्ज ७०. तुमचे त्यात ३०. किंमत फक्त १० टक्के उतरली तर ९० झाली. कर्ज ७०च राहिलं, तुमचे उरले २०. दलाली आणि इतर खर्च ४ धरला तर १६. घर दहा टक्के उतरलं आणि तुमचा पैसा जवळपास निम्मा झाला. सदनिका विकून येणाऱ्या रकमेच्या भरवशावर लिलावाची स्वप्नं बघणं म्हणजे बाजारात तुरी...

डीलरच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे आणि ते अर्धंच असल्यामुळे जास्त धोक्याचं आहे. घरावरचा विश्वास उडाला की लोक काहीतरी हातात धरता येण्याजोगं शोधतात, हे खरं. चीनमध्ये २०२१ पासून घरबांधणीचा फुगा फुटला, एव्हरग्रांडसारखी मोठी बांधकाम कंपनी कोसळली, आणि त्यानंतर तिथली तरुण पिढी एकेक ग्रॅमचे सोन्याचे दाणे घेऊन बरणीत साठवू लागली. पण हा पैसा कुठे गेला ते नीट बघा: वजनावर विकल्या जाणाऱ्या सोन्यात. घडणावळ लागणाऱ्या दागिन्यांची मागणी २०२४ मध्ये उतरली. घाबरलेला पैसा धातूकडे जातो. दुर्मिळतेसाठी जादा मोजायची त्याची तयारी नसते. तुमचा डीलर मात्र तुम्हाला सोनं विकत नाहीये, दुर्मिळता विकतोय.

शिवाय घरांतला पैसा नाण्यांकडे वळायचा तर आधी घरांतून बाहेर यायला हवा. थंड बाजारात नेमकं तेच होत नाही. तुमचाच पैसा वर्षभर सदनिकेत अडकलाय. तुमच्यासारखे हजारो लोक तसेच अडकलेले असताना डीलरकडे धावून येणार कोण?

२००८ साली हे फार विचित्र पद्धतीने दिसलं. मार्चमध्ये सोन्याने पहिल्यांदा औंसाला १,००० डॉलर ओलांडले, आणि वर्ष संपायच्या आत ते ७००च्या आसपास खाली आलं. चांदी २० डॉलरवरून ९च्याही खाली गेली. सगळ्यांना रोकड हवी होती, म्हणून विकता येईल ते विकलं जात होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टांकसाळीला एक औंसाच्या 'ईगल' सोन्याच्या नाण्यांची विक्री काही काळ थांबवावी लागली, कारण मागणी पुरवता येईना. कागदावर धातू उतरतोय आणि प्रत्यक्ष नाणं मिळत नाहीये, असा तो प्रकार होता. साध्या बुलियन नाण्यावर, म्हणजे धातूच्या वजनासाठीच घेतल्या जाणाऱ्या नाण्यावर, धातुमूल्याच्या वर मोजावी लागणारी रक्कम तेव्हा वाढली. घरं पडत असताना नाण्यांना मागणी होती का? होती, जोरदार होती. फक्त ती संग्राहकाची मागणी नव्हती.

म्हणून 'नाणी' असा एकच शब्द वापरून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मॉर्गन डॉलरचं उदाहरण घ्या, जगभर जमवली जाणारी मालिका आहे. प्रत्येक नाणं २६.७३ ग्रॅमचं, ९० टक्के चांदीचं. १९२१ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ही चार कोटी ४६ लाखांहून जास्त पाडली. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोने पाडली फक्त एक लाख. दोन्हींतली चांदी तंतोतंत सारखी, आणि दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. १९२१च्या झिजलेल्या नाण्याची किंमत चांदीला बांधलेली असते, घरांचं काय चाललंय याची त्याला फारशी फिकीर नाही. १८९३च्या नाण्याची जवळजवळ सगळी किंमत 'हे मला हवंय आणि माझ्याकडे मोजायला पैसे आहेत' असं म्हणणाऱ्या माणसांवर उभी आहे. त्या माणसांचे हात आखडले की नाण्याला टेकू द्यायला चांदी पुरत नाही.

अगदी शिखरावरच्या नाण्यांचं जग वेगळंच आहे. १९१३चं 'लिबर्टी' पाच सेंटचं नाणं, जगात फक्त पाच नग, त्यातला एक जानेवारी २०१० मध्ये ३७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. १७९४चा एक चांदीचा डॉलर जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलर ओलांडून गेला. अमेरिकेतली घरं तेव्हा तळातून जेमतेम वर येत होती. असं नाणं घेणाऱ्याची संपत्ती त्याच्या राहत्या घरात नसतेच, त्यामुळे घरांच्या मंदीची झळ त्याला लागत नाही. लिलावगृहं या विक्रमांच्या बातम्या मोठ्या करून सांगतात आणि मधल्या थरातला संग्राहक त्या वाचून आपल्या कपाटातल्या नाण्यांना भाव लावतो. तो लावू नका.

झळ लागते ती मधल्या थराला: डीलरच्या पेटीत नेहमी दिसणारी, बरी पण असामान्य नसलेली, ग्रेड करून स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, बंद केलेली नाणी. नाण्याची ग्रेड ठरवायच्या शेल्डनच्या १ ते ७०च्या मोजपट्टीवर ६४ आणि ६५ यांच्यातल्या एका पायरीसाठी तेजीत दुप्पट-तिप्पट मोजलं जातं. मंदीत गिऱ्हाईक विचारतं, डोळ्यांना तर सारखंच दिसतंय, मग जादा कशाला देऊ? त्याहूनही वाईट अवस्था टांकसाळी दरवर्षी मखमली डब्यांत घालून विकतात त्या नव्या स्मरणिका नाण्यांची. त्यांचा मोठा साठा लोकांच्या कपाटांत पडून असतो. ज्याला घराचा हप्ता भरायचाय तो आधी तेच डबे बाहेर काढतो आणि घेणारा धातूच्या भावाच्या वर काही द्यायला तयार नसतो.

जाता जाता एक सांगतो, छंद म्हणून नाणी कुठल्याही मंदीने मेलेली नाहीत. १९३०च्या महामंदीत अमेरिकेत लोकांची घरं जात होती आणि त्याच दशकात पुठ्ठ्याचे स्वस्त फलक निघाले, ज्यात खिशातल्या चिल्लरीतून एकेका सालाचा सेंट शोधून खाचेत बसवायचा. ते धडाक्याने खपले. फुकटात करमणूक होती आणि मालिका पुरी करायचं वेड एका सेंटमध्येही भागत होतं. मजा म्हणजे त्याच दशकात, १९३६च्या सुमाराला, स्मारक म्हणून काढलेल्या अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत सट्ट्याची लाट आली आणि ओसरली.

आणि उलटंही ध्यानात ठेवा. नाण्यांच्या बाजारातली सगळ्यात गाजलेली घसरण घरांमुळे झालीच नव्हती. १९८६ आणि १९८७ मध्ये अमेरिकेत नाण्यांची ग्रेड ठरवून देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. नाणं न बघता नुसत्या ग्रेडवर व्यवहार होऊ लागले, शेअरबाजारातला पैसा आत आला, १९८९ मध्ये भाव शिखराला गेले आणि कोसळले. तेव्हाचे काही नाण्यांचे भाव पुन्हा कधी दिसले नाहीत. घर सावरलं म्हणून नाणं सावरेलच, अशी खात्री कोणी देत असेल तर त्याला १९८९ विचारा.

आता तुमचा निर्णय.

पहिलं म्हणजे टॉप-अप कर्ज. त्यावर मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे, पूर्णपणे. नाणं व्याज देत नाही, भाडं देत नाही. उलट विमा आणि लॉकरचा खर्च मागतं. कर्जाचा दर समजा ९ टक्के असेल तर आठ वर्षांत ती रक्कम दुप्पट होते. म्हणजे त्या पैशाने घेतलेलं नाणं आठ वर्षांत दुप्पट झालं तर तुम्ही जिथे होतात तिथेच राहिलात. त्यात घेण्या-विकण्याचा फरक धरलेला नाही. अनेक लिलावगृहांत हातोडा पडल्यावर, म्हणजे बोली पक्की झाल्यावर, घेणाऱ्याकडून २० टक्क्यांच्या आसपास वर घेतात आणि विकणाऱ्याकडूनही काहीतरी कापतात. १००वर हातोडा पडला तर तुम्ही मोजले १२०, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भावाला विकलंत तर हातात आले समजा ९२. कर्ज काढून हा खेळ कुणालाच परवडत नाही, आणि घरं थंड असताना तर मुळीच नाही, कारण थंडीचं मूळ बहुतेकदा चढलेल्या व्याजदरांतच असतं. तुमच्या कर्जाचा दर बदलता असेल तर हप्ताही वाढत चाललेला असेल.

तेव्हा विकायचं असेल तर ते कर्ज फेडण्यासाठी विका. काय विकायचं यात लोक नेहमी एक घोळ करतात. संग्रहातलं सर्वांत चांगलं नाणं लगेच खपतं म्हणून तेच आधी काढतात आणि मागे गाळ उरतो. तुम्ही आधी बुलियन नाणी काढा. त्यांचा भाव धातूला बांधलेला आहे, विकण्या-घेण्यातलं अंतर कमी आहे, आणि त्यांत तुमचा जीव गुंतलेला नाही. मग एकाच सालाची दोन-दोन असलेली. मग ते मखमली डबे, मिळेल त्या भावाला. मालिकेतली नाणी शेवटपर्यंत राहू द्या.

त्याआधी एक छोटं काम करा. ज्या डीलरने 'आत्ताच घेऊन ठेवा' म्हटलं, त्याच्याकडे त्यानेच तुम्हाला दोन-तीन वर्षांपूर्वी विकलेली चार नाणी घेऊन जा आणि विचारा, आज किती द्याल? चर्चा नको, फक्त आकडा घ्या. पैसा नाण्यांकडे वळतोय यावर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे ते त्या आकड्यातून कळेल. त्याने चांगला भाव दिला तर माझा त्याच्याबद्दलचा संशय मी मागे घेतो, आणि तुम्ही दोन नाणी तिथेच विकून टाका.

आता ते लिलावातलं नाणं. इथे मी तुमच्या बायकोशी थोडा वाद घालेन. सगळा खर्च सरसकट बंद करा, हे सल्ला म्हणून सोपं आहे. पण वीस वर्षं एका मालिकेमागे असलेल्या माणसाला ते झेपत नाही. तो चार महिने थांबतो आणि मग चोरून दुप्पट खर्च करतो. थंड बाजार संग्राहकाच्या सोयीचाही असतो. उसन्या पैशाचे हात कमी झालेले असतात, बोली शांतपणे लागते. मात्र थंडीत सगळंच स्वस्तात बाहेर येतं असंही नाही. ज्यांना गरज आहे ते मधला माल काढतात. ज्यांना नाही ते उत्तम नाणी घट्ट धरून बसतात, अगदी तुम्ही सदनिका धरून बसलाय तसे. म्हणून हे नाणं खरोखर चांगल्या प्रतीचं असेल, धुतलेलं-घासलेलं नसेल, तर ते सोडून द्या असं मी म्हणणार नाही. स्वतः हातात घेऊन बघितल्याशिवाय किंवा ज्याच्या नजरेवर तुमचा भरवसा आहे अशा माणसाने बघितल्याशिवाय मात्र बोली लावू नका. आणि बघणारा तो डीलर नसावा.

पैसे कुठून आणायचे, यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही घरांचे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढल्यावर बँकेत जे उरतं ते, आणि दुबार नाणी विकून आलेल्या रकमेचा एक भाग. बाकीची कर्जाला. या दोन्हींत भागत असेल तर बोली लावा. नसेल तर ते साल रिकामं राहू द्या. मर्यादा ठरवताना भावपुस्तक बघू नका. त्याच ग्रेडची तीच नाणी गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष कितीला गेली ते लिलावगृहांच्या जुन्या निकालांत मिळतं. त्यातला शेवटचा, सगळ्यात अलीकडचा आकडा घ्या, तेजीतला नको. त्यातून घेणाऱ्याचं शुल्क आणि कर वजा करून तुमची कमाल बोली काढा, ती कागदावर लिहा आणि बायकोच्या हातात द्या. शक्य असेल तर लेखी बोली आधीच पाठवून मोकळे व्हा. लिलाव चालू असताना तिथे बसून राहू नका. आणि पुढची दहा वर्षं हे नाणं विकायची वेळ आली नाही तरच ते घेण्यात अर्थ आहे, हे धरून चाला.

बायकोला अजून एक गोष्ट द्यायला हवी: सगळ्या नाण्यांची यादी. कुठलं नाणं, कितीला घेतलं, कुठे ठेवलंय, आणि आज विकलं तर अंदाजे किती हातात येतील. हा शेवटचा रकाना पुस्तकातल्या भावाने भरू नका, डीलरने दिलेल्या त्या चार आकड्यांच्या प्रमाणात भरा. बेरीज बघून तुम्हाला वाईट वाटेल. पण 'सगळं विका' आणि 'अजून एक घेऊ' या दोन्ही वाक्यांवर बोलायला त्यानंतर तुम्हा दोघांपुढे एकच कागद असेल. माझा अंदाज, सगळं विकायचा आग्रह तिच्याच बाजूने सैल होईल. पडत्या बाजारात सगळं एकदम विकून किती कमी हाती येतं ते तिला त्या रकान्यात दिसेल.

सदनिकेचा भाव मात्र खाली आणा, आणि जरा जोराने. दर दोन महिन्यांनी एक टक्का कमी करत गेलात तर बाजाराच्या मागून चालत राहाल. शेजारच्या इमारतीत शेवटचा खरा व्यवहार कितीला झाला ते काढा, मागितलेली किंमत नको, नोंदणी झालेली. त्याच्या किंचित खाली तुमचा आकडा ठेवा. रिकाम्या सदनिकेवर दर महिन्याला जाणारं व्याज आणि देखभालीचा खर्च एकत्र मांडलात तर ही सूट तुम्हाला तेवढी टोचणार नाही.

समजा लिलावाच्या आठवड्यातच गिऱ्हाईक आलं आणि बयाणा तुमच्या हातात पडला, तरी त्या पैशाला हात लावू नका. बयाणा म्हणजे विक्री नव्हे. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालं नाही तर करारातल्या अटीप्रमाणे तो परत करायची वेळ येऊ शकते. लिलावगृह मात्र पैसे भरायला ठरावीक दिवसच देतं आणि मुदत चुकली तर दंड लावतं किंवा पुढच्या बोलीला उभं करत नाही. नोंदणी करण्याआधी त्यांच्या अटींतलं हे एवढं कलम वाचून घ्या.